भिवंडीच्या मोहल्ला समित्या : न झालेली दंगल मोजायची कशी?

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि पुढच्या दीड महिन्यात मुंबई दोनदा पेटली, आधी डिसेंबरात आणि मग जानेवारीत. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० नोंदवला. मुंबईला खेटून असलेल्या भिवंडीत त्या काळात दंगल झाली नाही. आदल्या वर्षी राज्यातल्या कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला विचारले असते, की देशात काही बरेवाईट घडले तर सगळ्यात आधी बंदोबस्त कुठे लावाल, तर पहिल्या दोन-तीन नावांत भिवंडी आलीच असती. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी इथे उसळलेल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाने केली होती. मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे आणि मुंबई अशी तिन्ही ठिकाणे पेटली आणि अडीचशेहून जास्त माणसे गेली.

मग १९९२ मध्ये काय वेगळे होते? या विषयातल्या लोकांना उत्तर तोंडपाठ असते : मोहल्ला समित्या, म्हणजे गल्लीतली दोन्ही समाजांची माणसे आणि पोलीस यांनी नियमित एकत्र बसण्याची व्यवस्था. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी त्या उभ्या केल्या. पोलीस आणि नागरिक यांच्या भागीदारीचा विषय निघाला की महाराष्ट्रात आजही पहिले उदाहरण भिवंडीचे दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे. त्या कामाने माणसे वाचली असे मी मानतो.

माझी तक्रार त्या प्रयोगाच्या मूल्यमापनाबद्दल आहे. आपण एकच प्रश्न विचारला, दंगल झाली का? 'नाही' असे उत्तर आले आणि आपण फाइल बंद केली. समिती उभी करणारा अधिकारी बदलून गेल्यावर ती चालते का, आणि भांडण खुद्द पोलिसांशी किंवा पालिकेशी असेल तेव्हा ती काय करते, हे दोन प्रश्न तसेच राहिले. जुलै २००६ मध्ये त्यांची उत्तरे मिळाली, तीही चार जीव गेल्यावर.

समित्यांच्या आधीचे गाव

भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. लूममालक, सूत व्यापारी, सुताला खळ देणारे सायझिंगवाले, कापडाचे दलाल, ट्रकवाले आणि बारा-बारा तासांच्या पाळीत उभे राहणारे कारीगर, अशी सगळी साखळी. यात हिंदू-मुसलमान दोघेही एकमेकांत पुरते अडकलेले. मागावर मुसलमान मालक, त्याला सूत उधारीवर देणारा हिंदू व्यापारी, कामाला उत्तर प्रदेश-बिहारचा किंवा तेलंगणातून आलेला कारीगर, हे इथले रोजचे चित्र. धंद्यात एकमेकांवाचून चालत नाही, म्हणून दंगल होत नाही, असे एक उत्तर लगेच सुचते. पण हे अवलंबन १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही. त्याने तेव्हा दंगल थांबली नाही. धंद्याचे नाते असले तरी रात्री अकरा वाजता कानावर आलेली अफवा खरी की खोटी हे विचारायला त्या नात्यातले कुणी उठून जात नाही. त्यासाठी वेगळी ओळख लागते, पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला नावानिशी हाक मारता येईल इतकी.

शांतता समिती नावाची व्यवस्था तेव्हाही होती. ती कशी चालायची हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. गणपती, मोहरम, शिवजयंती जवळ आली की ठाण्यातून फोन जातात. तेच माजी नगरसेवक, तेच ट्रस्टी, तेच मंडळांचे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसतात. साहेब शांततेचे आवाहन करतात, मान्यवर सहकार्याची ग्वाही देतात, चहा होतो, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. यांतल्या काही जणांना गल्लीत कुणी ओळखतही नसते. काही जणांना मात्र फार चांगले ओळखतात, कारण तणाव वाढला की त्यांचेच वजन वाढते.

खोपडे यांनी ही रचना उलटी केली. भिवंडीत सुमारे ७० मोहल्ला समित्या झाल्या. त्यांत दोन्ही समाजांची माणसे बरोबरीने घेतली गेली. नेहमीचे पुढारी बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसे आत आणली. समितीची सूत्रे त्या भागातल्या पोलीस अधिकाऱ्याकडे राहिली आणि सण असो वा नसो, बैठका नियमित होऊ लागल्या. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल या शेवटच्या गोष्टीत होता. सणाच्या आधी जमलेली माणसे सणाबद्दलच बोलतात. एरवीच्या एखाद्या मंगळवारी जमलेली माणसे पाण्याबद्दल, गटाराबद्दल, दारूच्या गुत्त्याबद्दल आणि पोरांच्या मारामारीबद्दल बोलतात.

एनसीचे काय होते

दंगलीचे मूळ शोधताना खोपडे यांचे लक्ष ठाण्यातल्या लहान तक्रारींकडे गेले. हे त्यांच्या कामातले मला सगळ्यात मोलाचे वाटते, आणि मूल्यमापन करणाऱ्यांनी सगळ्यात कमी पाहिलेलेही हेच आहे.

तक्रार दखलपात्र असेल तर गुन्हा नोंदवून पोलिसांना तपास करावा लागतो. अदखलपात्र असेल, म्हणजे ज्याला सगळे 'एनसी' म्हणतात, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १५५ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेत ते १७४ आहे. व्यवहारात याचा अर्थ काय होतो ते पाहा. समजा, एका चाळीत एका घराची मोरी शेजारच्या दारासमोर वाहते. बाई बोलायला जाते, शिवीगाळ होते, धक्काबुक्की होते. बाई ठाण्यात येते. ठाणे अंमलदार म्हणतो, ''बसा ताई, साहेब बंदोबस्ताला गेलेत.'' तासाभराने एनसी लिहून घेतली जाते आणि न्यायालयात दाद मागावी असे सांगून तिच्या हातात तिची प्रत ठेवली जाते. कोर्टात जायला तिच्याकडे पैसा नाही, वेळ नाही, आणि मोरी तर अजून वाहतेच आहे. आठवड्याने त्याच दारात दोन्ही घरची पोरे भिडतात. दोन्ही घरे एका समाजाची असतील तर डोके फुटते आणि भांडण तिथेच राहते. वेगवेगळ्या समाजांची असतील तर संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला जमलेल्या घोळक्यात मोरीचे नावही कुणी काढत नाही. तिथे बोलणे असते ते 'त्यांनी आपल्या पोराला मारले' इतकेच.

मोहल्ला समितीने या एनसीला जागा दिली. दोन्ही घरांना ओळखणारी पाच-सहा माणसे आणि शेजारी बसलेला एक वर्दीवाला. निवाडा करण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, पण दोन्हीकडचे ऐकून घेण्याची सवय लागत होती. ती बाई ठाण्यात परत आली की अंमलदाराला ती कोण हे ठाऊक असायचे. पोलिसांचाही यात फायदा होता. गल्लीतल्या माणसांशी वर्षभर बोलणाऱ्या फौजदाराला कोण भडकावतो आणि कोणाच्या शब्दाला मान आहे हे कुणी कानात येऊन सांगण्याची गरज उरत नाही.

मात्र मोरीला पाइप घालण्याचे काम पोलिसांचे नाही, पालिकेचे आहे. गल्लीतल्या भांडणांची यादी करून पाहा. नळाचे पाणी कमी दाबाने येणे, कचऱ्याचा ढीग, बंद पडलेले दिवे, हातगाड्या, बेकायदा ओटे, मंडपाची परवानगी, मिरवणुकीच्या वाटेवर खणून ठेवलेला रस्ता. यातल्या बहुतेकांची किल्ली पालिकेकडे असते. भिवंडीच्या रचनेत पालिकेला स्वतःची अशी ठरलेली खुर्ची नव्हती. नगरसेवक, पुढारी बाहेर ठेवण्यामागे सबळ कारण होते आणि त्या काळात तो निर्णय योग्य होता असेच मी म्हणेन. पण पुढाऱ्याबरोबर स्वच्छता निरीक्षक आणि पाणीपुरवठ्याचा अभियंताही बाहेर राहिला. मग मोरीचे काम व्हायचे ते उपायुक्तांनी मुख्याधिकाऱ्यांना फोन केला म्हणून. हा फोन करणारा माणूस गेला की काम पुन्हा अडणार, हे तेव्हाही दिसायला हवे होते.

१९९२ ची परीक्षा

डिसेंबर १९९२ पर्यंत खोपडे बदलून गेले होते आणि त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते. त्यांनी समित्या चालू ठेवल्या. मुंबई जळत असताना भिवंडीतली माणसे एकमेकांच्या संपर्कात राहिली, अफवा विचारून घेता आली, तणाव असूनही गाव हातातून गेले नाही. म्हणजे अधिकारी बदलला तरी काम टिकले, असे कुणी म्हणेल. एका बदलीपुरते ते खरे आहे. पण नव्या अधिकाऱ्याने ते मनापासून चालवले म्हणून टिकले. त्याने न चालवायचे ठरवले असते तर त्याला विचारणारे कुणी नव्हते. समितीला कायद्याचा, ठरावाचा किंवा अंदाजपत्रकातल्या एखाद्या शीर्षकाचाही आधार नव्हता.

आता समितीमुळेच शांतता राहिली असे कशावरून म्हणायचे? मुंबई जळाली आणि भिवंडी जळाली नाही ही तुलना ऐकायला जोरदार वाटते, पण तिच्यावर भार टाकता येत नाही. मुंबईचा पसारा, तिथले राजकारण, तिथल्या पोलीस दलाचे प्रश्न सगळेच वेगळे. भिवंडीची तुलना भिवंडीशीच करणे जास्त रास्त ठरते. १९७० आणि १९८४ मध्ये हेच गाव, हाच धंदा, हीच वस्ती होती, आणि तेव्हा दंगल झाली. या दोन वर्षांच्या आणि १९९२ च्या मध्ये काय काय बदलले? समित्या आल्या, हे एक. १९८४ मध्ये माग जळाले, ऑर्डरी गेल्या, कारीगर गावी पळाले, त्याची आठवण ताजी होती, हे दुसरे. मालकवर्गाला पुन्हा ते नको होते. तिसरे म्हणजे पोलीस कधी नाही इतके सावध होते आणि कुणावर नजर ठेवायची हे त्यांना ठाऊक होते. पण हे ठाऊक असणेही पुन्हा समित्यांतूनच आलेले, त्यामुळे तिसरे कारण पहिल्यापासून वेगळे काढता येत नाही.

आठवणीच्या कारणाला मी फार किंमत देत नाही. १९८४ मध्येही १९७० ची आठवण होतीच. चौदा वर्षांत ती पुसली गेली म्हणावे, तर मे १९७० पाहिलेले हजारो लोक तेव्हा त्याच गल्ल्यांत राहत होते. नुसत्या आठवणीने गाव वाचते तर १९८४ घडले नसते. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांतल्या दंगलींचा अभ्यास करताना भिवंडीची दखल घेतली, ती एका खास कारणासाठी. इतरत्र दोन समाजांना जोडणाऱ्या संस्था वर्षानुवर्षांच्या सामाजिक कामातून उभ्या राहिल्या होत्या. भिवंडीत त्या पोलिसांनी वरून उभ्या केल्या आणि तरीही त्यांचा उपयोग झाला. माझ्या वाचनाप्रमाणे भिवंडीने शिकवलेला हा मोठा धडा आहे. शासनाला विश्वास उभा करता येतो. पण वरून उभी केलेली गोष्ट वरूनच काढूनही घेता येते, हा त्याच धड्याचा दुसरा भाग. तो आपण वाचला नाही.

इंग्लंडमधला एक अनुभव इथे आठवतो, कारण तिथे मोजमाप जास्त काळजीने झाले होते. २००३ ते २००५ या काळात तिथे काही निवडक भागांत स्थानिक पोलिसांनी रहिवाशांना विचारून त्यांना खुपणारे प्रश्न हाती घेतले, स्थानिक कौन्सिलला सोबत घेतले. पाहणी करताना तशाच दुसऱ्या भागांशी तुलना केली आणि त्याच माणसांना वर्षाने पुन्हा विचारले. पोलीस चांगले काम करतात असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण प्रयोगाच्या भागांत १५ टक्के-गुणांनी वाढले, तुलनेच्या भागांत ३. मग हीच पद्धत देशभर लागू झाली, आणि पहिल्या वर्षाच्या पाहणीत पोलीस दलाच्या पातळीवर तो परिणाम दिसला नाही. निवडक जागा, निवडक अधिकारी आणि सगळ्यांचे लक्ष असताना जे साधते ते परिपत्रकाने साधत नाही. महाराष्ट्रात पुढे ठिकठिकाणी 'भिवंडीसारख्या' समित्या काढल्या गेल्या तेव्हा हाच प्रश्न होता. परिपत्रकात समितीची सदस्यसंख्या लिहिता येते. एनसी घेऊन आलेल्या बाईकडे फौजदाराने मान वर करून पाहायचे, हे त्यात लिहिता येत नाही.

रजिस्टर

अशा समित्यांचे मूल्यमापन प्रत्यक्षात कसे होते? रजिस्टर मागवले जाते. त्यात तारीख असते, हजर सदस्यांच्या सह्या असतात, विषय असतो 'आगामी सण-उत्सवांच्या अनुषंगाने कायदा व सुव्यवस्था', आणि खाली लिहिलेले असते, 'सर्वांनी शांतता राखण्याचे आवाहन करण्यात आले.' वर्षात बारा बैठका झाल्या असतील तर समिती सक्रिय. एकही दंगल झाली नसेल तर समिती यशस्वी.

यातल्या सह्याच जरा नीट पाहिल्या तरी बरेच कळते. बारा महिने तीच वीस नावे आहेत का? बायका किती आहेत, आणि आहेत त्या कुणाच्या सौभाग्यवती म्हणून आहेत की स्वतःच्या कामासाठी ओळखल्या जातात म्हणून? भिवंडीसारख्या गावात आणखी एक प्रश्न विचारावाच लागेल. खोल्यांत दाटीने राहणारा, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवणारा, बारा तासांची पाळी करणारा परगावचा कारीगर समितीत आहे का? संध्याकाळी सहाच्या बैठकीला तो येऊ शकत नाही. मग समितीत येतात ते दुकानदार, मालक, निवृत्त मास्तर. सगळी भली माणसे, पण रात्रपाळीहून परतताना चौकात अडवला जाणारा तो कारीगर पोलिसांबद्दल काय म्हणतो हे त्यांना माहीत नसते. गावाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर होती आणि त्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. त्यांना वगळून झालेल्या बैठकीला मोहल्ल्याची बैठक म्हणणे मला जड जाते.

आकड्यांवर बक्षीस ठेवले की काय होते याचा अनुभव राज्याला दुसऱ्या एका उपक्रमातून आहे. १५ ऑगस्ट २००७ ला तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने समिती नेमायची, तंटे सामोपचाराने मिटवायचे, मूल्यमापनात गुण मिळवायचे आणि लोकसंख्येनुसार रकमेचा पुरस्कार घ्यायचा. या मोहिमेने खेड्यापाड्यांत बांधाचे, वाटेचे, सामाईक विहिरीचे तंटे मिटले, हे मान्य करायला हवे. पण ज्या मोजपट्टीत मिटलेल्या तंट्याला गुण आहेत तिथे तंटा मिटवण्याचा रेटा नेहमी दुबळ्या बाजूवर येतो. नवऱ्याने मारलेल्या बाईला 'गावाचे नाव जाईल' म्हणून गप्प करणे हीही मग तडजोडच ठरते. म्हणून मोहल्ला समिती असो की तंटामुक्ती, दखलपात्र गुन्हा तिच्यापुढे ठेवायचाच नाही ही रेघ ठळक असावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. मूल्यमापन करणाऱ्याने समितीने मिटवलेल्या प्रकरणांची यादी घेऊन आधी हेच तपासावे, की यात मिटवायला नको होते असे काही आहे का.

जुलै २००६

क्वार्टर गेट भागात पोलीस ठाण्याच्या नव्या इमारतीचे काम निघाले. शेजारी दफनभूमी. ती जागा दफनभूमीचीच आहे असा तिथल्या मुसलमान रहिवाशांचा दावा होता आणि बांधकामाला विरोध होता. ५ जुलै २००६ ला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, दगडफेक झाली, पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले.

हा हिंदू-मुसलमान दंगा नव्हता. दोन समाज एकमेकांवर धावून गेले नाहीत. त्यामुळे 'दंगल झाली का' या जुन्या मोजपट्टीवर भिवंडी २००६ मध्येही उत्तीर्ण ठरली असती, आणि यावरूनच ती मोजपट्टी किती अपुरी आहे हे दिसते. पोलीस आणि रहिवासी यांच्यातला विश्वास वाढवण्यासाठी उभी केलेली व्यवस्था ज्या गावात होती, त्याच गावात दोन रहिवासी पोलिसांच्या गोळीने आणि दोन पोलीस रहिवाशांच्या हातून मेले.

समित्या तोवर नावापुरत्या उरल्या होत्या असे तेव्हा बरेच बोलले गेले. अधिकारी बदलत गेले, बैठका विरळ झाल्या, नव्यांना जुन्यांची ओळख नव्हती. हे कारण खरेच आहे. पण मला वाटते, समित्या १९९२ इतक्याच जोमात असत्या तरी २००६ चा प्रश्न त्यांना सोपा गेला नसता. दोन शेजाऱ्यांच्या भांडणात फौजदार मधे बसू शकतो. जागेचा वाद खुद्द ठाण्याच्या इमारतीचा असेल तर? समितीचे निमंत्रण ठाण्यातून निघते, बैठक फौजदाराच्या सूत्रांखाली होते, रजिस्टर त्याच्या कपाटात असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारात जाऊन ती मांडायची, हे समितीतल्या भल्या माणसालाही अवघड जाणार. तो एक तर गप्प बसतो, किंवा येणेच बंद करतो. मग गल्लीत बोलायला उरतात ते बैठकीत कधीच न आलेले लोक.

जागेचा वाद दफ्तरातला असतो. नकाशा, सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, आरक्षण, बांधकामाची परवानगी, जुनी वहिवाट. हे कागद महसूल खाते आणि महापालिका यांच्याकडे असतात. ते मोहल्ल्यातल्या माणसांसमोर उघडून ठेवायला, शंका ऐकायला आणि गरज पडली तर काम थांबवून मोजणी पुन्हा करायला कुणी तरी त्या टेबलावर बसलेले हवे होते. पालिकेला समितीत ठरलेली खुर्ची नसण्याची किंमत इथे दिसते. १९९२ मध्ये ती उणीव एका उपायुक्ताच्या शब्दावर भागली होती.

मुंबईत दंगलीनंतर उभ्या राहिलेल्या मोहल्ला कमिटी चळवळीची घडण थोडी वेगळी होती. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने ती आकाराला आली आणि तिला पोलीस दलाबाहेर स्वतःचा ट्रस्ट मिळाला. त्यामुळे आयुक्त बदलले तरी कुणाला फोन करायचा हे ठाऊक असलेली नागरिकांची एक फळी राहिली. तिच्याही मर्यादा आहेत, आणि दंगलीतल्या पीडितांना न्याय मिळण्याचा प्रश्न तिने भरवलेल्या क्रिकेटच्या सामन्यांनी सुटत नाही असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला पटते. पण टिकण्याच्या दृष्टीने ही रचना भिवंडीपेक्षा मजबूत होती.

आज तपासायचे झाले तर

एखाद्या शहरातली अशी भागीदारी तपासायचे काम माझ्याकडे आले, तर मी बैठकांचे रजिस्टर शेवटी उघडीन. आधी त्या मोहल्ल्यातल्या गेल्या वर्षभराच्या एनसी काढायला सांगेन. त्यांतल्या वीस-पंचवीस तक्रारदारांना घरी जाऊन विचारेन, पुढे काय झाले? समितीचे नाव त्यांच्या तोंडून आपोआप येते का, हे ऐकेन. यासाठी मोठी पाहणी लागत नाही, ठाण्याचे दप्तर आणि चार दिवस पायी फिरण्याची तयारी लागते.

नंतर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाईन. समितीकडून आलेल्या तक्रारींची तिथे वेगळी नोंद आहे का, किती दिवसांत काम झाले, आणि ज्यांचे झाले नाही त्यांना कारण कळवले का, हे पाहीन. नोंदच नसेल तर भागीदारीत पालिका नाही, मग बैठकीच्या फोटोत आयुक्त कितीही वेळा दिसोत.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने शोधेन : समितीने पोलिसांना किंवा पालिकेला न आवडणारे काही म्हटले आणि ते मान्य झाले, असे एक तरी उदाहरण. बंदोबस्ताची जागा बदलली, एखाद्या शिपायाबद्दलची तक्रार पुढे गेली, पाडकामाची तारीख पुढे ढकलली, काहीही चालेल. पाच वर्षांत असे एकही उदाहरण नसेल तर त्या समितीत फक्त एकाच बाजूचे बोलणे चालते.

पाहणीची वेळही महत्त्वाची. समिती काढणारा अधिकारी खुर्चीत असताना पाहणी करू नये, तेव्हा सगळे छानच दिसते. तो गेल्यावर सहा महिन्यांनी जावे. नवा अधिकारी कुणाकुणाला नावाने ओळखतो, जुन्याने त्याला काही लिहून ठेवले आहे का, आणि बैठक बोलावण्याचा अधिकार नागरिक सदस्यांना आहे का, हे तेव्हा विचारावे. पोलीस किंवा पालिका स्वतःच पक्ष असेल तेव्हा बैठक कोण बोलावणार आणि अध्यक्षस्थानी कोण बसणार, हे समितीच्या नियमांत आधीच लिहिलेले हवे. प्रांत किंवा तहसीलदार चालेल, निवृत्त न्यायाधीश चालेल, नागरिकांतून निवडलेली व्यक्तीही चालेल. पण नाव वाद उद्भवण्याच्या आधी ठरलेले असावे, दगड पडायला लागल्यावर ते ठरत नाही.

भिवंडीला हे करायची एक चांगली संधी मिळाली होती. २००१ च्या अखेरीस भिवंडी-निजामपूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नवी रचना येत होती, अधिकाऱ्यांच्या नव्या नेमणुका होत होत्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्यांचा रस्ता आधीच मोकळा केला होता. मोहल्ला समित्या त्या वॉर्डांना जोडून, पालिकेच्या एका अधिकाऱ्याला उपस्थिती बंधनकारक करून, त्यांना महापालिकेच्या ठरावाचा आधार देता आला असता. तेव्हा खोपडे यांच्या वेळचे सदस्य मोहल्ल्यांत होते आणि क्वार्टर गेटची घटना साडेचार वर्षे दूर होती.